चार फेऱ्यांची वाट



विकासाच्या व्यासपीठावरून आपण नेहमी धरणे, रस्ते, पाणीपुरवठा, शाळा आणि आरोग्य केंद्रे यांविषयी बोलतो. त्या मानाने आज मी निवडलेला विषय फारच लहान आहे. गावाच्या मैदानाच्या किंवा शहरातील उद्यानाच्या कडेने जाणारी, जेथून निघाली तेथेच परत येणारी, दोनशे किंवा चारशे मीटर लांबीची धावण्याची वाट, एवढाच तो विषय आहे. मोठ्या शहरांत तिला जॉगिंग ट्रॅक म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र ती कोणी मागतही नाही आणि कोणी मुद्दाम देतही नाही. विषय लहान असला तरी त्याच्याशी तरुण मुलामुलींच्या प्राणांचा आणि प्रौढांच्या आरोग्याचा संबंध आहे, म्हणून आपला थोडा वेळ मी मागून घेत आहे.

रस्त्यावरची पहाट

कामानिमित्त पहाटे प्रवास करण्याचा प्रसंग आपणांपैकी अनेकांवर येतो. खामगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग असो, की घाटावरील चिखली, मेहकर, देऊळगाव राजा यांना जोडणारे रस्ते असोत, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात मोटारीच्या दिव्यांच्या झोतात धावणारी मुले दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, तर कोणी सैन्यभरतीची. अलीकडे त्यांत मुलींची संख्याही नजरेत भरण्याइतकी असते. घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीनच्या भावाची अनिश्चितता आणि हाताशी असलेले बारावीचे किंवा पदवीचे प्रमाणपत्र, या परिस्थितीत गणवेशाची नोकरी हा त्यांना सर्वांत सरळ मार्ग वाटतो. त्यांच्या या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

परंतु या जिद्दीची किंमत कधीकधी फार मोठी द्यावी लागते. १९ जानेवारी २०२५ रोजी बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना पहाटे एका बसची धडक बसली आणि तिघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी गडचिरोली जिल्ह्यातील काटली गावाजवळ व्यायामासाठी महामार्गावर आलेल्या मुलांना एका मालमोटारीने चिरडले. त्या अपघातात चार मुले दगावली. एक गाव मराठवाड्यातील, दुसरे विदर्भाच्या पूर्व टोकाचे. आपला जिल्हा विदर्भातच, पण मराठवाड्याच्या सीमेला लागून वसलेला आहे, आणि आपली मुले पहाटे अशाच रस्त्यांवर असतात.

अशा घटनेनंतर वाहनचालकाच्या बेपर्वाईची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. पण एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. ही मुले रस्त्यावर का होती?

रस्ता तरुणांना का ओढतो?

पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावण्यासाठी २० गुण आहेत आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण आहेत. उरलेले गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांत विभागलेले असतात. या चाचणीत किमान निम्मे गुण मिळाल्याखेरीज लेखी परीक्षेचे दार उघडत नाही. सैन्यभरतीतही १६०० मीटरचीच धाव असते. तेव्हा उमेदवाराच्या दृष्टीने १६०० हा आकडा आयुष्याची दिशा ठरविणारा आकडा आहे.

आता हे अंतर मोजून कोठे धावावयाचे? शेतातली पांदण खाचखळग्यांची आणि पावसाळ्यात चिखलाची. गावाजवळचे मोकळे मैदान उंचसखल, त्यात काटेरी झुडपे आणि दगडगोटे. शहरातील उद्यानाला पहाटे कुलूप. याउलट रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत, त्यांच्यामध्ये दर दोनशे मीटरचे लहान दगडही अनेक ठिकाणी आहेत. आठ लहान टप्पे मोजले की १६०० मीटर झाले. पृष्ठभाग सपाट आणि घट्ट आहे, आणि रात्री-बेरात्री केव्हाही गेले तरी तेथे कोणी अडवीत नाही.

म्हणजे तीन गोष्टींसाठी तरुण रस्त्यावर जातो. अंतर मोजलेले असते, जमीन सपाट असते आणि दार उघडे असते. या तीन गोष्टी गावाच्या मैदानात मिळाल्या, तर रस्त्यावर जाण्याचे कारणच उरणार नाही. नुसते मनाई करून, फलक लावून किंवा पालकांना समज देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पर्यायी जागा न देता केलेली मनाई मुलांना अधिक अंधाऱ्या आणि आडवळणाच्या रस्त्याकडे मात्र ढकलील.

वर्तुळाचे गुण

कोणी म्हणेल, एकाच ठिकाणी गोल गोल फिरण्यात काय हशील? माणूस कंटाळून जाईल. ही शंका रास्त आहे. पण वर्तुळाकार वाटेचे काही गुण असे आहेत, की ते सरळ रस्त्याला कधीच येणार नाहीत.

पहिला गुण सुरक्षिततेचा. चारशे मीटरच्या फेरीत धावणारा कोठेही असला तरी आरंभस्थानापासून वाटेने दोनशे मीटरपेक्षा अधिक दूर जात नाही. पाय मुरगळला, चक्कर आली किंवा छातीत कळ आली, तर मदत हाकेच्या अंतरावर असते. रस्त्यावर तीन किलोमीटर गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर परत यावे लागते, मग अंगात त्राण असो वा नसो. शिवाय फेरीच्या वाटेवर प्रत्येक जण प्रत्येकाच्या नजरेसमोर असतो. मुलीला एकटीने पहाटे रस्त्यावर पाठविण्यास जे आईवडील धजत नाहीत, ते गावातील मैदानावर तिला निर्धास्तपणे पाठवितात, हे आपण सर्वच जाणतो.

दुसरा गुण समावेशकतेचा. सरळ वाटेवर वेगवान पुढे निघून जातो आणि मंद मागे पडतो. वर्तुळावर मात्र पहिला आणि शेवटचा दर काही मिनिटांनी पुन्हा भेटतात. अठरा वर्षांचा उमेदवार, मधुमेह झालेले गुरुजी, बाळंतपणानंतर वजन कमी करू पाहणारी गृहिणी आणि काठी टेकीत चालणारे आजोबा या सर्वांना एकाच वेळी एकच वाट पुरते.

तिसरा गुण जागेच्या बचतीचा. वाट कडेने जाते आणि मध्यभाग मोकळा ठेवते. मुंबईतील दादरच्या शिवाजी पार्कचे उदाहरण घ्या. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या सुमारे २८ एकरांच्या मैदानाला सव्वा किलोमीटरहून थोडा कमी लांबीचा कट्टा वेढून आहे. कडेने माणसे चालतात, धावतात, थकली की कट्ट्यावर टेकतात. मध्ये क्रिकेटचे डाव चालू असतात. एकाचा खेळ दुसऱ्याच्या आड येत नाही. आपल्या गावच्या मैदानावर कबड्डी आणि खो-खो चालू ठेवूनही ही वाट होऊ शकते.

जगात इतरत्रही उद्यानातील फेरीने मोठे काम केले आहे. लंडनच्या बुशी पार्क या उद्यानात २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ जण पाच किलोमीटर धावण्यासाठी एकत्र आले. प्रवेशशुल्क नाही, सर्व व्यवस्था स्वयंसेवकांची, आणि दर आठवड्याला त्याच ठिकाणी पुन्हा जमावयाचे, एवढीच त्यामागची कल्पना होती. त्यातून पुढे 'पार्करन' ही चळवळ अनेक देशांत पसरली. तिला भव्य क्रीडांगण लागले नाही. मोजलेली वाट आणि ठरलेली वेळ यांवर तिचा पाया उभा राहिला.

आपल्या जिल्ह्यात तर निसर्गानेच एक वर्तुळ कोरून ठेवले आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात ते निर्माण झाले. २०२० साली लोणार सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु तो परिसर अभयारण्य आहे. तेथे पशुपक्षी आणि वनस्पती यांचा अधिकार पहिला. तेथे वन विभागाच्या नियमांप्रमाणे पायी फिरावे, पाहावे आणि परत यावे. धावण्याच्या सरावासाठी प्रत्येक गावाने आपले छोटे वर्तुळ आपल्याच जागेत आखले पाहिजे.

प्रौढांचे हित

ही वाट केवळ भरतीच्या उमेदवारांसाठी नाही. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांत ४२ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज देण्यात आला. हा आजार आता केवळ शहरातील सुखवस्तूंचा राहिलेला नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि मोबाईल यांनी खेड्यातील माणसाचे चालणेही कमी केले आहे.

हालचालीचे महत्त्व सांगणारा एक जुना अभ्यास येथे आठवतो. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. एकाच गाडीवर, एकाच पगाराच्या जवळपास काम करणारी ही माणसे. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याने वर-खाली करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. कार्यालयातील खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्या आपणां सर्वांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. याचा आपल्या वाटेशी मेळ घालून पाहू. चारशे मीटरची फेरी पाच मिनिटांत पुरी करणारा माणूस झपाझप चालत असतो. अशा सहा फेऱ्या म्हणजे अर्धा तास, आणि आठवड्यातून पाच दिवस त्या घातल्या की १५० मिनिटे झाली. एका माणसाचे आरोग्य राखण्यास दररोज सहा फेऱ्या पुरतात, असा हा सोपा हिशोब आहे.

जागा किती, मुरूम किती?

आता पंचायत सदस्यांच्या मनातील खऱ्या प्रश्नाकडे वळतो. हे करावयाचे कसे आणि त्यास किती लागेल?

शंभर मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती चारशे मीटर भरते. पण काटकोनी कोपऱ्यावर धावताना घोटा आणि गुडघा यांवर ताण येतो. म्हणून कोपरे गोल करावे लागतात आणि गोल केले की लांबी घटते. कोपऱ्याची त्रिज्या १५ मीटर ठेवली तर बाजू सुमारे १०६ मीटर घ्यावी लागेल. वाटेची रुंदी धरून सुमारे सव्वा हेक्टर जागा पुरेशी होते, आणि तीतील बहुतेक जागा मध्यभागी खेळासाठी मोकळीच राहते. एवढी जागा नसेल तर दोनशे मीटरची फेरी आखावी. तिला सुमारे ३२ आर जागा पुरते. मग १६०० मीटरला चारऐवजी आठ फेऱ्या होतील, एवढाच फरक.

चारशे मीटर लांब आणि तीन मीटर रुंद वाटेवर दाबून १५ सेंटिमीटर जाडीचा मुरमाचा थर द्यावयाचा, तर १८० घनमीटर, म्हणजे सुमारे ६४ ब्रास मुरूम बसतो. मुरूम दबतो, म्हणून आणताना तो याहून अधिक लागेल. दोनशे मीटर लांब आणि दोन मीटर रुंद वाटेला याच हिशोबाने सुमारे २१ ब्रास पुरतो. पाणी मारून रोलर फिरविणे आणि कडेला दगडांची ओळ बसविणे, एवढेच काम त्यापुढे उरते. गावच्या साध्या अंतर्गत रस्त्याच्या तुलनेत हे काम लहानच आहे. जागा कोणाच्या नावे आहे, ग्रामपंचायतीची, शाळेची की महसूल विभागाची, हे सातबारा उताऱ्यावरून आधी पाहून रीतसर ठराव करावा, म्हणजे पुढे वाद उद्‌भवणार नाही.

अनेक ठिकाणी उद्यानांत सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट करण्याकडे कल असतो. ती उद्‌घाटनाच्या दिवशी सुरेख दिसते. परंतु काही पावसाळ्यांनंतर ठोकळे वरखाली होतात, त्यांच्या कडांना ठेच लागते आणि सावलीत शेवाळ धरून ती निसरडी होते. मुरमाची वाट पायाला मऊ लागते, स्वस्त पडते आणि बिघडली तर गावातलाच माणूस दोन टोपल्या मुरूम टाकून ती नीट करू शकतो.

काळी जमीन आणि पावसाळा

आपल्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आहेत, आणि ही वाट करताना तो भेद विसरून चालणार नाही. घाटावर अनेक ठिकाणी जमीन हलकी, मुरमाड आणि उताराची. तेथे सपाटी करणे हे मुख्य काम. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मात्र खोल काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात तो मातीत रुतून जाईल. म्हणून वरची काळी माती खरवडून काढावी, खाली दगडगोट्यांचा किंवा जाड मुरमाचा थर द्यावा आणि वाट भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवावी. तिला मध्यभागापासून कडेकडे हलका उतार द्यावा आणि पाणी वाहून जाण्यास चर काढावा. पाण्याला वाट दिली तरच माणसांची वाट टिकते.

कडेने झाडे लावावीत, पण वाटेपासून काही अंतर सोडून, म्हणजे मुळे वाट उचलणार नाहीत. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात कडुनिंबासारखी काटक झाडे निवडावीत. उन्हाळ्यात घाटाखालचा उकाडा किती तीव्र असतो हे मी आपणांस सांगावयास नको. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वी सराव उरकावा आणि पिण्याच्या पाण्याचा माठ वाटेच्या आरंभीच ठेवावा.

वाट कशी धावावी?

वाट झाली की ती वापरण्याची रीतही शिकवावी लागते. नवशिक्याने पहिले दोन आठवडे चालावे. नंतर अर्धी फेरी चालणे आणि अर्धी फेरी सावकाश धावणे असा क्रम ठेवावा. धावताना शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता न येण्याइतका दम लागला तर वेग जास्त आहे असे समजावे. चाळिशीपुढील व्यक्तींनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घेऊनच धावण्यास आरंभ करावा.

भरतीच्या उमेदवाराला तर फेरीची वाट म्हणजे न बोलता शिकविणारा गुरूच होय. १६०० मीटर सहा मिनिटांत पुरे करावयाचे असतील, तर चारशे मीटरची प्रत्येक फेरी ९० सेकंदांत पडली पाहिजे. बहुतेक मुले उत्साहाच्या भरात पहिली फेरी ७५ सेकंदांत काढतात आणि चौथ्या फेरीत पाय ओढीत येतात. रस्त्यावर हे त्यांच्या ध्यानात येत नाही. फेरीच्या वाटेवर घड्याळ दर वेळी त्याच रेषेवर खरे सांगते. शक्ती चारही फेऱ्यांना पुरेल अशी वाटून खर्च करावी, हा धडा तेथे मिळतो आणि तो पुढे आयुष्यातही उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट. एकाच दिशेने सतत वळत धावल्यास शरीराच्या एका बाजूवर अधिक ताण येतो. स्पर्धांत डावा हात आतल्या बाजूस ठेवून धावतात, म्हणून उमेदवारांनी सराव त्याच दिशेने करावा. परंतु सावकाश धावण्याच्या दिवशी सर्वांनी मिळून दिशा बदलावी. चालणाऱ्यांनी बाहेरची कड धरावी आणि धावणाऱ्यांना आतली बाजू मोकळी ठेवावी. तीन-चार जणांनी ओळ करून गप्पा मारीत वाट अडवू नये. हे नियम फलकावर मराठीत ठळक अक्षरांत लिहावेत.

शाळेचा वाटा

शिक्षक मित्रांना माझी खास विनंती आहे. ही वाट मोजण्याचे काम मुलांच्या हाती द्या. सायकलच्या चाकावर खडूची खूण करावी आणि चाकाचा घेर मोजावा. तो २.२ मीटर भरला तर चारशे मीटरला चाकाचे सुमारे १८२ फेरे होतील. मोजपट्टीने पुन्हा पडताळून दर शंभर मीटरला चुन्याने रंगविलेला दगड रोवावा. आतल्या कडेपासून एक मीटर बाहेरून धावणाऱ्याला गोल वळणांमुळे दर फेरीत सुमारे ६.२८ मीटर अधिक धावावे लागते, चार फेऱ्यांत सुमारे २५ मीटर. हे असे का होते, आणि वर्तुळ लहान असो वा मोठे, हा आकडा तोच का राहतो, याचे उत्तर मुलांनी वर्गात शोधावे. पुस्तकातला पाय हा स्थिरांक त्यांच्या पायांखाली येईल!

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात शाळेला क्रीडांगण असावे अशी अपेक्षा आहे. हे क्रीडांगण सकाळी शाळा भरण्यापूर्वी रिकामेच असते. त्या दोन-तीन तासांसाठी ते गावाला खुले केले, तर गावाला वाट मिळेल आणि शाळेच्या मैदानाची निगा राखणारे हातही मिळतील. बीड जिल्ह्यातील मांडवा या लहानशा गावातून अविनाश साबळे आले. शाळेपर्यंतचे काही किलोमीटर अंतर ते पायी आणि धावत कापीत. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळविले. खेड्यातील पायांत किती बळ असते याचे यापेक्षा वेगळे प्रमाण नको. त्या बळाला सुरक्षित जमीन देणे आपल्या हाती आहे.

कुलूप आणि किल्ली

शेवटी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मांडतो. कित्येक ठिकाणी उद्यान आहे, मैदान आहे, वाटही आहे. पण पहाटे साडेचार-पाचला तेथे कुलूप असते. भरतीच्या मुलाला सात वाजता दुधाच्या फेरीला, शेतावर किंवा शिकवणीला जावयाचे असते. कुलूप उघडेपर्यंत तो थांबू शकत नाही, म्हणून तो रस्त्यावर जातो. याला निधी लागत नाही. पहाटे फाटक उघडण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपविणारा एक ठराव पुरेसा आहे. नियमित येणाऱ्या प्रौढांपैकी चार विश्वासू माणसांची समिती करावी आणि किल्ली त्यांच्याकडे द्यावी. प्रवेशद्वारापाशी आणि वळणांवर दिवे असावेत, ते लागतात की नाही हे दर आठवड्याला पाहावे. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे आणि तेही त्याच वेळी उघडे असावे. या दोन सोयी नसतील, तर ही वाट कागदावर सर्वांची आणि प्रत्यक्षात फक्त पुरुषांची राहील.

देखभालीचे कामही असेच लहान पण नियमित आहे. पावसाळ्यापूर्वी चर साफ करणे, पावसाळ्यानंतर खड्डे भरणे, गवत कापणे आणि मैदानावर जनावरे, वाहने, लग्नाचे मांडव येऊ न देणे, ही कामे ग्रामसभेने वर्षाच्या आरंभीच वाटून द्यावीत. उद्‌घाटनाची फीत एकदा कापली जाते. गवत मात्र दरवर्षी कापावे लागते.

बंधु-भगिनींनो, आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक आणि प्रत्येक मोठ्या गावात एक अशी मोजलेली, सपाट आणि पहाटे उघडी असणारी वाट करणे हे आपल्या आवाक्याबाहेरचे काम नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी आखणी करावी, ज्यांच्याकडे आखलेली वाट आहे त्यांनी डागडुजी करावी, आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी उद्यापासून फाटक लवकर उघडावे. शेगावहून पंढरपूरला श्रींच्या पालखीबरोबर शेकडो किलोमीटर पायी जाणारा आपला जिल्हा आहे. चालण्याची आपणांस नवलाई नाही. आपल्या मुलांना धावण्यासाठी मृत्यूच्या वाटेवर उभे राहावे लागू नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.

पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आपण घ्याल, असा विश्वास मी व्यक्त करतो.